द्राक्षाचा मणी आणि गळ्यातली पाण्याची गाठ

तासगाव तालुक्यातल्या आमच्या घरी द्राक्षाचा मणी किती मिलिमीटरचा झाला हे पाहण्याचे माप हंगामात कायम कोणाच्या ना कोणाच्या खिशात असते. एका वर्षी ऐन फेब्रुवारीत, काढणी सुरू असताना, थोरल्या वहिनींच्या गळ्यावर सकाळी उठल्यावर एक गाठ दिसू लागली. दोन दिवसांनी मिरजेहून आणलेल्या सोनोग्राफीच्या अहवालात ‘३२ × २४ × २२ मि.मी.’ असे आकडे वाचून दादांनी नकळत तेच माप खिशातून काढले. मणी बावीसचा भरला असता तर त्यांना आनंदच झाला असता, पण गळ्यातल्या बावीसचे काय करायचे हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. एका शेजारणीने ‘काही नसते, पाण्याची गाठ आहे’ म्हणून धीर दिला आणि दुसरीने आपल्या माहेरच्या कोणाच्या तरी कर्करोगाची हकिकत सांगितली. दोघींचेही बोलणे अपुरे होते, आणि ते का अपुरे होते हे कळण्यासाठी आधी या ग्रंथीची थोडी ओळख करून घ्यावी लागते.

थायरॉइड, म्हणजे पाठ्यपुस्तकातली अवटू ग्रंथी, गळ्याच्या पुढच्या भागात कंठमण्याच्या खाली श्वासनलिकेला बिलगून बसलेली असते. तिला फुलपाखराच्या पंखांसारखे दोन खंड असतात, मधली पट्टी अरुंद असते, आणि प्रौढ माणसात तिचे वजन साधारण १५ ते २५ ग्रॅम भरते. आवंढा गिळताना ती श्वासनलिकेबरोबर वर सरकते. डॉक्टर गळ्याला हात लावून ‘पाण्याचा एक घोट घ्या’ असे सांगतात ते याचसाठी, कारण घोटाबरोबर वर सरकणारी गाठ बहुधा थायरॉइडची असते. नेमकी मध्यरेषेवर असलेली आणि जीभ बाहेर काढली तरीही वर ओढली जाणारी गाठ मात्र बहुधा वेगळीच असते. बाळ गर्भात असताना ही ग्रंथी जिभेच्या मुळापासून गळ्यात उतरते, तिच्या त्या वाटेचा एखादा तुकडा मागे राहून त्यात पाणी साठते. तो प्रकार लहान मुलांत आणि तरुणांत अधिक आढळतो आणि त्याचा उपचारही निराळा आहे.

आपल्याकडे ‘मला थायरॉइड आहे’ असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. थायरॉइड तर सगळ्यांनाच असते, पण भाषेचा हा दोष किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्यातून एक खरा गोंधळ उद्भवतो. ग्रंथीचे काम आणि ग्रंथीची घडण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. काम म्हणजे टी-३ आणि टी-४ ही संप्रेरके योग्य प्रमाणात तयार करणे. त्यावर मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टी.एस.एच. नावाच्या संप्रेरकाद्वारे लक्ष ठेवते, आणि ते रक्ताच्या तपासणीतून कळते. घडण म्हणजे ग्रंथीत गाठ आहे का, असल्यास कशी आहे, आणि ती सोनोग्राफीतच दिसते. वहिनींचा टी.एस.एच. अगदी सामान्य आला, तेव्हा घरातल्यांना वाटले की अहवाल चुकला असावा, कारण गाठ तर डोळ्यांना दिसत होती. वास्तविक गाठ असलेल्या बहुतेकांचा टी.एस.एच. सामान्यच असतो. उलट, रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेणाऱ्या अनेकांच्या ग्रंथीत एकही गाठ नसते. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी या रक्ततपासणीपूर्वी किमान दोन दिवस त्या थांबवाव्यात आणि तसे डॉक्टरांना सांगावे, कारण बायोटिनमुळे काही यंत्रांवर आकडे चुकीचे येतात.

आता सिस्टकडे येऊ. सिस्ट म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी, आणि आपल्या बोलीतला ‘पाण्याची गाठ’ हा शब्द तिला चांगला शोभतो. इंग्रजीवरून घाईने केलेल्या भाषांतरांत तिला ‘गळू’ म्हटलेले आढळते, ते मात्र चुकीचे आहे, कारण गळवात पू असतो, ते ठणकते आणि तापही येऊ शकतो, तर थायरॉइडच्या सिस्टमध्ये पू अपवादानेच सापडतो.

ही पिशवी तयार कशी होते, हे समजले की पुढची निम्मी भीती कमी होते. केवळ द्रव आणि भोवती पातळ अस्तर, अशी मुळापासूनच सिस्ट असलेली गाठ थायरॉइडमध्ये विरळा असते. बहुतेक सिस्ट या आधीपासून असलेल्या घन गाठीचे पुढचे रूप असतात. थायरॉइडचे ऊतक असंख्य सूक्ष्म पिशव्यांचे बनलेले असते आणि त्यांत कोलॉइड नावाचा चिकट पदार्थ साठवलेला असतो. यातला एखादा भाग वर्षानुवर्षे हळूहळू वाढून गाठीचे रूप घेतो, मग त्याच्या मध्यभागाला रक्तपुरवठा अपुरा पडतो, तिथले ऊतक झिजते, विरघळते आणि मागे पोकळी राहते. त्या पोकळीत कोलॉइड साठते किंवा एखादी बारीक रक्तवाहिनी फुटून रक्त साठते. म्हणजे जड भोपळ्याचा गर आतून नासून त्याचे पाणी व्हावे आणि साल तशीच राहावी, तसे काहीसे.

वहिनींच्या गळ्यावर गाठ ‘रात्रीतून’ आली त्याचे उत्तर यातच आहे. गाठ बहुधा अनेक वर्षांची होती. त्या रात्री फक्त तिच्या आत रक्तस्राव झाला आणि ती एकाएकी फुगली. अशा वेळी गळ्याच्या एका बाजूला दुखते, गिळताना टोचते, कधी दुखणे कानापर्यंत जाते, आणि काही दिवसांत ते आपोआप ओसरते. अचानक वाढलेली गाठ म्हणजे कर्करोग, असे अनेकांना वाटते. तासाभरात किंवा एका रात्रीत फुगलेली दुखरी गाठ ही बहुतेक वेळा आतल्या रक्तस्रावाची असते, आणि कर्करोगाच्या गाठी सहसा न दुखता सावकाश वाढतात. मात्र काही आठवड्यांत सतत वाढत जाणारी टणक गाठ हा वेगळा आणि तातडीचा विषय आहे. आपली गाठ कोणती हे घरी ठरवू नये. गाठ आल्याआल्या हळद-चुन्याचा लेप लावण्याची आमच्याकडची सवय हळदीच्या बाजारपेठेला साजेशी असली, तरी कातडीवरून लावलेला लेप ग्रंथीच्या आतल्या पोकळीपर्यंत पोहोचत नाही, आणि जोराने चोळल्यास पुन्हा रक्त साकळण्याची शक्यता वाढते.

अशा गाठी किती सर्रास असतात याची कल्पना सोनोग्राफी आल्यानंतरच आली. आयोडीन पुरेसे मिळणाऱ्या समाजात हाताने चाचपून सुमारे ५ टक्के स्त्रियांत आणि १ टक्का पुरुषांत थायरॉइडची गाठ लागते, पण चांगल्या यंत्रावर सोनोग्राफी केली तर वेगवेगळ्या पाहण्यांत १९ ते ६८ टक्के लोकांत काही ना काही गाठ दिसते. वयाबरोबर हे प्रमाण वाढते आणि स्त्रियांत ते अधिक असते. मानेच्या मणक्यासाठी किंवा मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीसाठी केलेल्या तपासणीत ‘जाता जाता’ सापडलेल्या चार मिलिमीटरच्या सिस्टमुळे झोप उडालेली माणसे मी पाहिली आहेत. तीच तपासणी त्यांच्या अर्ध्या गल्लीची केली असती तर आणखी कितीतरी सिस्ट सापडल्या असत्या, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

सोनोग्राफीचा अहवाल वाचताना आपण सगळेच आधी आकडा पाहतो, आणि तिथेच चुकतो. गाठीचा आकार तिच्यामुळे त्रास किती होईल हे सांगतो. ती घातक आहे का, याचा अंदाज मुख्यतः तिच्या आत काय आहे यावरून बांधला जातो. ध्वनिलहरी द्रवातून परावर्तित न होता पलीकडे जातात, म्हणून द्रव पडद्यावर काळाकुट्ट दिसतो आणि अहवालात त्याला ‘ॲनेकोइक’ म्हणतात. घन ऊतक राखाडी दिसते. संपूर्ण काळी, पातळ आणि गुळगुळीत भिंतीची गाठ म्हणजे निव्वळ सिस्ट, आणि तिच्यात कर्करोग असण्याची शक्यता १ टक्क्याहून कमी मानली जाते. निदानासाठी तिला सुई लावण्याचीही गरज नसते. स्पंजासारखी, म्हणजे बारीक बारीक पोकळ्यांनी भरलेली गाठही जवळजवळ तितकीच निर्धोक असते. खरे लक्ष द्यायचे ते ‘मिश्र’ गाठीकडे, जिच्यात थोडे पाणी आणि थोडा घन भाग असतो. कारण काळजीचे काही असलेच तर ते पाण्यात नसून त्या घन भागात असते. घन भाग भिंतीला एका कडेला चिकटलेला आहे का, त्याच्या कडा वेड्यावाकड्या आहेत का, त्यात रक्तप्रवाह दिसतो का, त्यात चुन्याचे सूक्ष्म कण आहेत का, हे रेडिओलॉजिस्ट पाहतो.

इथे एक बारकावा सांगण्याजोगा आहे. कोलॉइडचे घट्ट कणही पडद्यावर चमकदार ठिपक्यांसारखे दिसतात, आणि कर्करोगात आढळणारे चुन्याचे सूक्ष्म कणही तसेच दिसतात. फरक शेपटीचा असतो. कोलॉइडच्या ठिपक्यामागे धूमकेतूसारखी निमुळती शेपटी दिसते, ज्याला अहवालात ‘कॉमेट टेल’ म्हणतात, आणि ती असणे हे चांगले लक्षण आहे. वहिनींच्या अहवालात हे शब्द होते, आणि घरातल्या महाविद्यालयीन मुलाने मोबाइलवर शोधून ते काहीतरी भयंकर असल्याचे जाहीर केले होते.

अहवालाच्या शेवटी बहुतेक वेळा ‘टाय-रॅड्स’ असा एक क्रमांक असतो. अमेरिकेतील रेडिओलॉजी तज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेली ही गुणपद्धती आता आपल्याकडेही रुळली आहे. गाठीची घडण, छटा, आकृती, कडा आणि ठिपके यांना गुण देऊन १ ते ५ असा गट ठरवतात, आणि गुण जितके अधिक तितका संशय अधिक, म्हणजे हे शाळेच्या प्रगतिपुस्तकाच्या नेमके उलट आहे. निव्वळ सिस्ट एरवी पहिल्या गटात मोडते. पहिल्या दोन गटांत सुईची तपासणी सुचवली जात नाही. तिसऱ्या गटात गाठ २.५ सेंटिमीटर, चौथ्यात १.५ सेंटिमीटर आणि पाचव्यात १ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी असेल तर ती सुचवली जाते. म्हणजे एक सेंटिमीटरची संशयास्पद घन गाठ ही चार सेंटिमीटरच्या पाण्याच्या गाठीपेक्षा अधिक गंभीरपणे घेतली जाते.

आकड्यांचाच आणखी एक फसवा प्रकार असा की आपण लांबी वाचतो, पण गाठ तिन्ही बाजूंनी वाढते. तिचे आकारमान काढायचे तर लांबी, रुंदी आणि जाडी सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करावा आणि त्याला ०.५२ ने गुणावे; उत्तर मिलिलिटरमध्ये मिळते. वहिनींच्या गाठीचे ते सुमारे ९ मिलिलिटर भरत होते, म्हणजे जवळजवळ दोन चमचे. याच गणितामुळे एका सेंटिमीटरची गोल गाठ दोन सेंटिमीटरची झाली तर ती दुप्पट नव्हे, आठपट झालेली असते. उलट, दोन अहवालांत एखाद्या मिलिमीटरचा फरक पडला तर तो बहुधा मोजणाऱ्या हाताचा असतो. किमान दोन बाजूंनी २० टक्के आणि प्रत्येकी निदान २ मिलिमीटर वाढ, किंवा आकारमानात ५० टक्क्यांहून अधिक वाढ झाली, तरच गाठ वाढली असे डॉक्टर धरतात.

सुईची तपासणी, म्हणजे एफ.एन.ए.सी., हिच्याविषयी आमच्या भागात एक समज फार घट्ट आहे की ‘गाठीला सुई लागली की ती पसरते’. रक्त काढण्याच्या सुईहूनही बारीक सुई सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत घन भागात घालून काही पेशी घेतल्या जातात. त्यामुळे थायरॉइडची गाठ पसरल्याची उदाहरणे अत्यंत दुर्मीळ आहेत, आणि या समजापायी तपासणी लांबवल्याचे नुकसान त्याहून कितीतरी मोठे आहे. पेशींचा निष्कर्ष ‘बेथेस्डा’ पद्धतीने सहा गटांत दिला जातो. दुसरा गट म्हणजे निर्धोक आणि सहावा म्हणजे कर्करोग. सिस्ट असणाऱ्यांना पहिला गट अनेकदा वाट्याला येतो, आणि तो समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्याचा अर्थ ‘सर्वांत चांगला’ असा नसून ‘निदानापुरत्या पेशीच मिळाल्या नाहीत’ असा आहे. सुईत नुसते पाणी आले की असे होते. गाठीत घन भाग असेल तर तपासणी पुन्हा, आणि नेमक्या त्या भागातून, करावी लागते. गाठ निव्वळ पाण्याची असेल तर सोनोग्राफीचे चित्र पुरेसे मानून थांबता येते.

वहिनींच्या गाठीत कडेला एक छोटा घन भाग होता, म्हणून तपासणी झाली. आतून आठ मिलिलिटर चॉकलेटी रंगाचा द्रव निघाला. हा रंग जुन्या रक्ताचा. पिवळसर किंवा मधासारखा घट्ट द्रव असेल तर त्यात कोलॉइड अधिक असते. द्रव नळाच्या पाण्यासारखा स्वच्छ निघाला तर डॉक्टर सावध होतात, कारण तशी गाठ थायरॉइडची नसून तिच्या पाठीमागे असलेल्या चार परावटू ग्रंथींपैकी एकीची असू शकते, आणि तो द्रव त्या ग्रंथीच्या संप्रेरकासाठी तपासावा लागतो. पेशींचा अहवाल दुसऱ्या गटात आला. गळा सपाट झाला, गिळताना होणारी अडचण गेली, आणि दादा माप खिशात ठेवून बागेत परतले.

पाच आठवड्यांनी गाठ होती तेवढी परत आली. याला कोणाचा निष्काळजीपणा कारण नव्हता. नुसते पाणी काढलेल्या सिस्टपैकी ६० ते ९० टक्के पुन्हा भरतात, कारण पाणी तयार करणारे अस्तर आत तसेच असते. विहीर उपसली तरी झरा बुजत नाही. ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगितली गेली असती तर घरातल्यांनी डॉक्टरांना नावे ठेवली नसती, असे मला आजही वाटते.

पुढचा मार्ग गाठ त्रास देते का यावर ठरतो. त्रास नसेल, पेशी निर्धोक असतील आणि माणसाला गाठ दिसण्याचे वाईट वाटत नसेल तर काहीही न करणे हा पूर्ण आणि योग्य उपचार आहे. मिश्र गाठीसाठी साधारण एक ते दोन वर्षांनी सोनोग्राफी करतात, आणि छोट्या निव्वळ सिस्टला तीही नेहमी लागत नाही. काही सिस्ट आपोआप आटतात. गाठ विरघळावी म्हणून टी.एस.एच. सामान्य असतानाही थायरॉइडच्या गोळ्या देण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे, कारण पाण्याच्या गाठीवर त्यांचा उपयोग होत नाही आणि जास्तीच्या संप्रेरकाने हृदयाची लय बिघडण्याची व हाडे ठिसूळ होण्याची जोखीम मात्र वाढते.

त्रास देणाऱ्या आणि पुन्हा पुन्हा भरणाऱ्या सिस्टसाठी आज सर्वांत सोपा उपाय म्हणजे अल्कोहोलचे इंजेक्शन. सोनोग्राफीत पाहत आधी द्रव काढतात आणि मग त्या पोकळीत जवळजवळ शुद्ध, निर्जंतुक अल्कोहोल सोडतात. त्यामुळे आतले अस्तर निकामी होते, त्याला पोषण देणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात आणि पिशवी हळूहळू आक्रसते, म्हणजे मण्याचा बेदाणा होतो. टाके नाहीत, बेशुद्ध करणे नाही. थोडा वेळ जळजळते, आणि अल्कोहोल बाहेर झिरपले तर आवाज काही काळ बसू शकतो. म्हणूनच हे काम सरावलेल्या हातांनीच करावे. ही सोय प्रत्येक रुग्णालयात नसते, तेव्हा जाण्यापूर्वी फोनवर विचारून घेतलेले बरे. घन भाग मोठा असेल तर अल्कोहोल पुरेसे पडत नाही, आणि तिथे रेडिओलहरींच्या उष्णतेने गाठ जाळण्याची पद्धत वापरतात.

शस्त्रक्रिया उरते ती संशयास्पद पेशी, श्वासनलिकेवर दाब देणारी मोठी गाठ किंवा इतर उपाय फसलेले रुग्ण यांच्यासाठी. बहुधा एकच खंड काढतात. एके काळी ही शस्त्रक्रिया अत्यंत धोक्याची मानली जात होती. ती सुरक्षित करण्यात मोठा वाटा असलेले स्वित्झर्लंडचे शल्यचिकित्सक थिओडोर कोखर यांना थायरॉइडवरील कार्यासाठी १९०९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आवाजाच्या पडद्यांना हलवणारी चेता ग्रंथीच्या अगदी मागून जाते, आणि मिरजेसारख्या गायकांच्या व तंबोरे घडवणाऱ्यांच्या गावात तिचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही. एक खंड काढल्यानंतर काहींना कायमची गोळी लागते, अनेकांना लागत नाही.

खाण्यापिण्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण प्रश्न जितके येतात तितके त्यात काही नाही. शिजवलेली कोबी-फुलकोबी नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने सिस्ट होत नाही आणि सोडल्याने जात नाही. मीठ मात्र आयोडीनयुक्तच असावे. प्रौढांना दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आणि गरोदरपणी त्याहून अधिक आयोडीन लागते, आणि दीर्घकाळच्या कमतरतेने ग्रंथी वाढून तिच्यात गाठी होतात. म्हणूनच केंद्र सरकारने १९६२ साली गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला. अलीकडे आरोग्याच्या नावाखाली घरोघरी आलेल्या सैंधवात आयोडीन पुरेसे नसते, हे ते विकणारा सांगत नाही. त्याच वेळी, झालेली सिस्ट आयोडीनच्या जादा थेंबांनी विरघळेल या आशेने ते घेऊही नये. त्याने ग्रंथीचे काम बिघडू शकते.

आवाज घोगरा होऊन तीन आठवडे तसाच राहिला, गाठ टणक आणि एका जागी रुतल्यासारखी लागली, मानेच्या बाजूला आणखी गाठी आल्या, किंवा आडवे झाल्यावर श्वास घेण्यास त्रास होऊ लागला, तर थांबू नये. लहानपणी मानेवर किरणोपचार झालेले, घरात थायरॉइडच्या कर्करोगाचा इतिहास असलेले आणि लहान मुले यांच्या बाबतीत साधी वाटणारी गाठही लवकर दाखवावी. फुगलेल्या गाठीमुळे श्वास घेताना घरघर होऊ लागली तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

वहिनींना मे महिन्यात अल्कोहोलचे इंजेक्शन दिले. सहा महिन्यांनी, ऑक्टोबर छाटणीची कामे उरकल्यावर, केलेल्या सोनोग्राफीत गाठ १२ × ९ × ८ मिलिमीटर भरली. लांबी जेमतेम निम्म्याहून थोडी अधिक कमी झाली, असे दादांना वाटले. मग त्यांनीच कागदावर गुणाकार करून पाहिला तेव्हा नऊ मिलिलिटरचे अर्धा मिलिलिटरही उरले नव्हते. तिन्ही अहवाल आता फवारणीच्या वहीत एकामागे एक लावून ठेवले आहेत, कारण पुढच्या तपासणीच्या वेळी मागचे आकडे शेजारी असल्याशिवाय रेडिओलॉजिस्टला तुलना करता येत नाही.